वाचकांचे प्रश्न : जड एसयूव्हीला नवे टायर घेताना

मोठ्या, आलिशान एसयूव्हीच्या टायरांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. अडीच टनांच्या अशा गाडीच्या एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम दोन पोस्टकार्डांएवढा असतो. बहुतेक पत्रांत ‘कोणत्या कंपनीचा घेऊ’ हा प्रश्न पहिला आहे. आमच्या मते तो शेवटचा. टायर वजन पेलतो का आणि चारही एकमेकांशी जुळतात का, हे आधी बघायचे.

प्रश्न : गाडीवर २७५/४५ आर २१ ११०वाय एक्सएल असे टायर आहेत. दुकानदार त्याच मापाचा १०७व्ही दाखवतो आणि ‘माप तेच आहे, निर्धास्त बसवा’ म्हणतो. चालेल का?

नाही, घेऊ नका. टायर रिमवर बसेल की नाही एवढेच माप सांगते. २७५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आणि २१ हा रिमचा इंचातला व्यास. गाडीचे वजन पेलेल की नाही हे त्यापुढचा आकडा सांगतो, तो लोड इंडेक्स. १०७चा एक टायर ९७५ किलो उचलतो, ११०चा १,०६० किलो.

८५ किलोंचा हा फरक किरकोळ का नाही, ते गाडीवरच पाहता येते. चालकाचे दार उघडले की खांबावर एक पट्टी किंवा स्टिकर असतो. काही गाड्यांत तो बॉनेटखाली असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची कमाल वजनमर्यादा लिहिलेली असते. समजा, मागच्या ॲक्सलला १,८०० किलो आहेत, म्हणजे एका चाकाला ९००. १०७च्या टायरकडे तिथे ७५ किलोंचीच सवड उरते, ११०कडे १६० किलोंची. सातही जागा भरलेल्या, मागे सामान आणि त्यात वेगातले वळण आले की बाहेरच्या टायरवर भार आणखी वाढतो. भिंत जास्त दबते, दर फेऱ्याला वाकते आणि सुटते, त्यातून उष्णता तयार होते. जास्त भाराने टायर सहसा जागच्या जागी फुटत नाही. उष्णतेने आतले पोलादी पट्टे आणि रबर यांची पकड सुटत जाते, आणि मग कधीतरी वेगात असताना वरची नक्षीच सोलून निघते.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू, जी दुकानातही फारशी कोणी सांगत नाही. एक्सएल म्हणजे साध्यापेक्षा जास्त भारासाठी बनवलेला टायर. त्याची १,०६० किलोंची क्षमता २९० किलोपास्कल, म्हणजे साधारण ४२ पीएसआय हवेवर धरलेली असते. साध्या टायरची क्षमता २५० किलोपास्कलवर, म्हणजे ३६ पीएसआयवर. एक्सएल घेतला आणि सवयीने हवा ३६च भरली तर तो उचलतो सुमारे ९४० किलो. म्हणजे त्या १०७पेक्षाही कमी! वजन पेलते ती हवा. रबर तिला फक्त धरून ठेवते. पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात. लांबच्या प्रवासाला निघताना भरलेल्या गाडीचा आकडाच वापरा.

शेवटचे अक्षर वेगाचे आहे : एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. ‘मी एवढी पळवतच नाही’ हे मान्य, पण हे अक्षर उष्णता सोसण्याच्या ताकदीचेही असते. मूळ अक्षरापेक्षा खाली उतरू नका. हिवाळी टायरांना मात्र यात काही प्रमाणात सूट असते, ती गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

प्रश्न : जुन्या टायरवर बाजूला एक छोटा तारा आहे. नव्यावर तो नाही, बाकी नाव आणि माप सारखेच. फरक पडतो का?

तारा म्हणजे तो टायर बीएमडब्ल्यूने स्वतःच्या गाडीसाठी तपासून मान्य केलेला आहे. अशाच खुणा इतरांच्याही असतात : मर्सिडीजची एमओ, ऑडीची एओ, लँड रोव्हरची एलआर, व्होल्वोची व्हीओएल, आणि पोर्शची एन० पासून पुढे. नाव, माप आणि नक्षी तीच दिसली तरी आतले रबराचे मिश्रण, पट्ट्यांची मांडणी, भिंतीचा ताठपणा गाडी बनवणाऱ्याच्या मागणीप्रमाणे बदललेला असू शकतो. अडीच टनांची उंच गाडी वळणात किती झुकते, ब्रेक लावल्यावर किती सरळ थांबते, यावर त्याचा परिणाम होतो.

खूण असलेला टायर मिळत असेल तर तोच घ्या. मिळत नसेल तर बिनखुणेचा पण लोड इंडेक्स, वेगाचे अक्षर, एक्सएल हे सगळे जुळणारा टायर चालतो. मात्र मग चारही तसेच हवेत. पुढे ताऱ्याचे आणि मागे बिनताऱ्याचे ही भेसळ नको. पोर्शच्या बाबतीत एन० आणि एन१सुद्धा मिसळू नयेत. मोठा आकडा म्हणजे वरचा दर्जा असा समज आहे, पण त्या एकाच टायरच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्या आहेत.

प्रश्न : चारचाकी ड्राइव्ह असलेल्या गाडीचा एक टायर खड्ड्यात कापला गेला. बाकी तीन ५ मिमीचे आहेत. एकच नवा घातला तर चालेल ना?

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, म्हणजे तुमच्या टायरांशी ३ मिमीचा फरक. त्रिज्येत ३, म्हणजे व्यासात ६ मिमी. २७५/४५ आर २१चा नवा व्यास ७८१ मिमी धरला तर झिजलेल्याचा ७७५. नवा टायर किलोमीटरला सुमारे ४०८ फेरे घेईल, जुना ४११. किलोमीटरमागे तीन फेरे म्हणजे १०० किलोमीटरला तीनशेच्या वर. हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. एका ॲक्सलवर दोन व्यास असतील तर डिफरेन्शियल (वळणात दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणारी यंत्रणा) सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहतो. पुढच्या आणि मागच्या जोडीत फरक असेल तर पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केसमधला क्लच घसरत राहतो, तापतो, त्याचे तेल खराब होते. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गाडी काढताना हिसके बसायला लागले, तर याचाच संशय घ्यावा. चार टायरांपेक्षा ट्रान्स्फर केसचे काम कितीतरी महाग.

किती फरक चालतो ते गाडीगणिक बदलते. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असेल तर ती पाळा. नसेल तर २ मिमीच्या वर जाऊ नये असे आम्ही सुचवतो. मोजताना खोली मोजायचा गेज आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला असा तीन ठिकाणी लावा. मधले ५ आणि आतल्या कडेचे ३ असे आले, तर तुमचे जुने टायर ५ मिमीचे नाहीतच.

तुमच्या बाबतीत पर्याय दोन. तेवढाच झिजलेला, त्याच बनावटीचा, वयाने फार जुना नसलेला टायर कुठे मिळाला, आतून तपासून ठीक निघाला, तर तो घालावा. नाहीतर चारही बदलावेत. ५ मिमीचे टायर काढून टाकणे जिवावर येते, हे समजते. पण जोडी बदलली तरी पुढे-मागे ३ मिमीचा फरक राहतोच.

पुढे २७५/४० आर २१ आणि मागे ३१५/३५ आर २१ अशा वेगळ्या मापांच्या गाड्यांनाही हाच नियम. गणित करून बघा : पुढचा व्यास ७५३.४ मिमी, मागचा ७५३.९. रुंदीत ४० मिमीचा फरक असून व्यास अर्ध्या मिलिमीटरात बसवलेला आहे! म्हणून मागे ‘थोडा उंच’ टायर घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

प्रश्न : २२ इंची चाकांना वर्षातून दोनदा फुगे येतात. २० इंची चाके घातली तर गाडी बिघडेल का?

बिघडणार नाही, उलट हा बदल आम्ही मनापासून सुचवतो. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात टायरची भिंत चिमटली गेली की आतले धागे तुटतात. वरचे रबर शाबूत राहते, तुटलेल्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. त्याला दुरुस्ती नाही, तो टायर बाद. २७५/४० आर २२ला भिंत मिळते ११० मिमी. २७५/५० आर २०ला १३७.५ मिमी. पावणेतीन सेंटिमीटर जास्त रबर आणि हवा रिमच्या आणि खड्ड्याच्या मध्ये येते. व्यास ७७८.८ आणि ७८३, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. स्पीडोमीटरला तो जाणवतही नाही. शिवाय या मापात २२ इंचाला बहुधा १०८ एक्सएल मिळतो, १,००० किलोंचा. २० इंचात ११३ एक्सएल मिळतो, १,१५० किलोंचा.

पण २० इंची रिम तुमच्या गाडीसाठी मान्य मापांच्या यादीत आहे का, हे आधी बघा. मोठ्या इंजिनाच्या प्रकारांत पुढचे ब्रेक कॅलिपर एवढे मोठे असतात की २० इंची रिम त्यांना घासते किंवा बसतच नाही. रिमची रुंदी, ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते अंतर), मधल्या भोकाचा व्यास आणि रिमच्या पाठीवर कोरलेली तिची स्वतःची भारक्षमता, हे चारही जुळायला हवे. शेवटचे हमखास राहून जाते : टायर १,१५० किलोंचा आणि बाहेरून घेतलेली रिम ७५० किलोंची, असे होऊ शकते. त्याच गाडीच्या खालच्या प्रकारावर कंपनीकडून येणारी चाके मिळाली तर सर्वांत उत्तम.

स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा मऊ होईल, वळणात गाडी किंचित जास्त झुकेल. ते आठवड्याभरात अंगवळणी पडते.

प्रश्न : दिसायला दणकट म्हणून ऑल-टेरेन टायर घ्यायचे आहेत. वापर मात्र डांबरी रस्त्यावरच.

मग घेऊ नका. मोठ्या ठोकळ्यांची नक्षी डांबरावर आवाज करते, ओल्या रस्त्यावर थांबायला अंतर जास्त लागते, वजन वाढते. बऱ्याच ऑल-टेरेन टायरांचे वेगाचे अक्षर क्यू, आर किंवा एस असते, म्हणजे ताशी १६० ते १८०. पहिल्या प्रश्नातल्यासारख्या गाडीला वाय लागते. एलटी असे लिहिलेले टायर हलक्या ट्रकांच्या वर्गातले असतात. तेवढेच वजन उचलायला त्यांना जास्त हवा लागते, त्यामुळे दारावरच्या पट्टीवरचा आकडा त्यांना लागू पडत नाही. शेतातले, दगडाळ रस्ते खरोखर रोजचे असतील तर गोष्ट वेगळी.

एम+एस या खुणेवरही विसंबू नका. ती नक्षीच्या रचनेवरून दिली जाते. बर्फावरची चाचणी पार केलेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा स्फटिक असे चिन्ह असते. कायम ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहणाऱ्या थंडीत उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड घटते. तिथे हे चिन्हच शोधावे.

प्रश्न : गाडी रन-फ्लॅट टायरवर आली, स्टेपनी नाही. साधे टायर घालता येतील?

येतील. रन-फ्लॅटची भिंत एवढी जाड असते की हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० किलोमीटर वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येते. त्याची किंमत रोजच्या दणक्यांत मोजावी लागते. साधे टायर घातल्यावर गाडी मऊ चालते. चारही एकदम बदला, हवेचा दाब दाखवणारे सेन्सर चालू ठेवा, आणि सीलंटची बाटली, छोटा कंप्रेसर जवळ बाळगा. सीलंट नक्षीतल्या छोट्या भोकापुरताच; भिंत फाटली तर त्याचा उपयोग नाही. त्यामुळे वस्तीपासून लांब फिरणाऱ्यांनी रन-फ्लॅटच ठेवावेत किंवा स्टेपनीची सोय करावी. रन-फ्लॅट आहे हे ओळखायला खुणा वेगवेगळ्या : ब्रिजस्टोन आरएफटी, गुडइयर आरओएफ, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेंटल एसएसआर.

प्रश्न : नव्या टायरच्या आत स्पंजाची पट्टी चिकटवलेली आहे. पंक्चर काढता येते का?

येते. टायरच्या पोकळीत हवा घुमून जो आवाज केबिनमध्ये येतो तो हा पॉलियुरेथेनचा स्पंज शोषून घेतो. पंक्चर काढताना त्या जागेचा तुकडा कापून काढतात, आतून पॅच आणि भोकात प्लग बसवतात, आणि मग तो तुकडा किंवा नवा तुकडा परत चिकटवतात. भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि ६ मिमीपर्यंत असेल तरच. खांद्यावर (नक्षी आणि भिंत जिथे मिळतात तिथे) किंवा भिंतीत असेल तर टायर बदलावा. बाहेरून नुसती दोरी भरून काम संपवू देऊ नका. टायर उतरवून आत बघायलाच हवे. हवा कमी असताना गाडी चालली असेल तर आत काळी रबराची भुकटी सांडलेली दिसते, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला गोल फिरलेला खरखरीत पट्टा हाताला लागतो. असा टायर बाहेरून नवाकोरा दिसला तरी परत घालू नये.

प्रश्न : नवा म्हणून दिलेला टायर किती जुना आहे हे कसे ओळखायचे?

डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. ०८२५ म्हणजे २०२५च्या आठव्या आठवड्यातला. ही पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, कधी कधी आतल्या बाजूला जाते, म्हणून बसवण्याआधीच वाचा. सावलीत, नीट ठेवलेला वर्षभराचा टायर नव्यासारखाच. दोन वर्षांच्या पुढचा असेल तर दुसरा मागा. आणि गाडी कमी चालते म्हणून नक्षी शिल्लक असली, तरी दहा वर्षांचा टायर उतरवाच. स्टेपनीही त्यात आली.

प्रश्न : दोन नावाजलेल्या कंपन्यांत ट्रेडवेअरचा आकडा एकाचा ३००, दुसऱ्याचा ५००. ५०० घ्यावा?

एवढ्यावरून नाही. टायर किती सावकाश झिजतो हे सांगणारा हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांतच तो तुलनेला उपयोगी. त्यापेक्षा ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा दर्जा बघा. युरोपीय लेबलवर तो ए ते ई असा असतो, शेजारीच इंधनाचा दर्जा आणि डेसिबलमधला बाहेरचा आवाज. जड गाडीला आम्ही ओल्या पकडीत ए-खाली सहसा सुचवत नाही. टायरच्या खाचांतल्या उंचवट्यांना १.६ मिमी ही शेवटची खूण असते, पण रुंद टायर ३ मिमीच्या खाली गेला की पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. बदलायचा विचार तिथेच सुरू करा.

प्रश्न : गाडी इलेक्ट्रिक आहे. वेगळे काही?

बॅटरीमुळे वजन आणखी जास्त, आणि पेडल दाबताच पूर्ण जोर चाकावर येतो, त्यामुळे झीज लवकर. मापाच्या आधी एचएल लिहिलेले असेल तर तो एक्सएलहूनही जास्त भाराचा वर्ग आहे. मूळ टायर एचएल असेल तर बदली टायरही एचएलच.

प्रश्न : टायर बसवताना दुकानात उभे राहून नेमके काय बघायचे?

गाडीला एअर सस्पेन्शन असेल तर जॅक लावण्याआधी मेन्यूत जाऊन जॅक मोड चालू करा. नाहीतर चाक उचलले जाताच यंत्रणा गाडीची उंची जुळवू पाहते आणि ती जॅकवर हलू शकते. लॉकिंग नटची चावी आधीच शोधून ठेवा.

चाक उतरल्यावर व्हॉल्व्हच्या तळाशी दाबाचा सेन्सर असतो. मशीनचा फाळ तिथे पडला तर तो तुटतो, म्हणून व्हॉल्व्ह कुठे आहे हे बघूनच काम सुरू व्हावे. सेन्सरचा सील, नट आणि व्हॉल्व्हचा कोअर बदलून घ्या. सेन्सरची बॅटरी सात ते दहा वर्षे चालते. गाडी त्या वयाची असेल तर सेन्सरही आत्ताच बदला, पुन्हा टायर उतरवावा लागणार नाही. असममित नक्षीच्या टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर, बाण असलेला टायर बाणाच्या दिशेने फिरेल असा.

बॅलन्सिंगला चाक मशीनवर मधल्या भोकात अचूक बसायला हवे. चाक धरणारा शंकूसारखा तुकडा नुसता तिरका अडकवला तर आकडा शून्य येतो आणि रस्त्यावर स्टिअरिंग थरथरतेच. शंका आली तर चाक सोडवून अर्धे फिरवून परत लावायला सांगा. आकडे बदलले तर आधीची बसणी चुकलेली होती.

नट आधी हाताने, मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, एकाआड एक. हवेच्या गनने धडाधड घट्ट करू देऊ नका.

मग चारही चाकांचे अलाइनमेंट, तेही एअर सस्पेन्शन ठरलेल्या उंचीवर असताना. उतरवलेले जुने टायर टाकून देण्याआधी त्यांची आतली कड बोटाने चाचपा. ती बाहेरच्या कडेपेक्षा गुळगुळीत लागली तर टो (चाकांची समोरची दिशा) किंवा कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडलेला आहे, आणि नवे टायरही तसेच खाल्ले जातील. खाली बसलेल्या सस्पेन्शनवर कॅम्बर वाढतो, म्हणून गाडी एका बाजूला खाली वाटत असेल तर आधी तो दोष काढा.

दाबाच्या सेन्सरांची गाडीला नव्याने ओळख करून द्यायला सांगा. नव्या रबरावर साच्याचा निसरडा थर असतो, पहिले ३०० किलोमीटर जोराचे ब्रेक आणि वेगातली वळणे टाळा. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. गाडी थोडी चालली की टायर गरम होतात आणि आकडा ४-५ पीएसआय जास्त दिसतो. तो बघून हवा सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, पट्टीवरच्या आकड्याशी ताडून भरा.